परब उस्तादांचं ‘बरो’

परब उस्तादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका लष्करी ट्रकच्या इंजिनाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून, डोळे मिटून उभे होते. इंजिन चालू होतं. बाजूला आठ-नऊ जवान शाळेतल्या मुलांसारखे ओळीत उभे. मी आणि मला आत घेऊन आलेला क्लार्क, आम्ही दोघं पाच मिनिटं तसेच ताटकळलो. मग उस्तादांनी डोळे उघडले, स्क्रू ड्रायव्हर पहिल्या जवानाच्या हातात दिला आणि विचारलं, “गाडी क्या बोलती है?”

तो जवान बिहारकडचा असावा. त्यानं कान लावला आणि घडाघडा सांगायला सुरुवात केली, की टॅपेटचं अंतर जास्त झालं की असा आवाज येतो, त्याची कारणं तीन.

“ये किताब बोलती है,” उस्ताद म्हणाले. “मैंने पूछा, गाडी क्या बोलती है?”

असं करत स्क्रू ड्रायव्हर सगळ्या ओळीतून फिरला आणि शेवटी, काय वाटलं कोण जाणे, माझ्यापुढे आला. मीही कान लावला. मला नुसती खडखड ऐकू आली. तसं मी सांगितलं. “मॅडम खरां बोलली,” ते क्लार्ककडे बघून म्हणाले, आणि माझी त्या वर्कशॉपमधली सोय झाली.

माझं तिथं काय काम होतं ते सांगते. मी संख्याशास्त्राची. अंधेरीला औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीत आमचं ऑफिस, आणि आमचा धंदा म्हणजे माणसं आपलं काम किती चांगलं करतात ते मोजून देणं. बँका, कारखाने, हॉस्पिटलं, सगळीकडे आम्ही मोजत हिंडतो. त्या वर्षी काम आलं ते लष्कराच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपचं, उपनगरातल्याच. नव्या जवानांपैकी काही आधी बाहेरगावच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये जात, महिनोन्महिने वर्गात बसून इंजिन शिकत आणि मग कामावर लागत. काही मात्र थेट इथे येत आणि परब उस्तादांच्या हाताखाली, काम करता करता शिकत. दोन्ही वाटांनी आलेले जवान प्रत्यक्ष कामात कसे आहेत, हे मोजायचं होतं. जी वाट कमी ठरेल ती बंद होणार होती. उस्तादांना हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

उस्ताद म्हणजे लष्करात शिकवणाऱ्याला म्हणतात ते उस्ताद. हवालदार म्हणून निवृत्त झाले होते आणि त्याच खात्यात नागरी नोकर म्हणून पुन्हा लागले होते. गाव कणकवलीच्या अलीकडे कुठेतरी, घर वाकोल्याला. उंचीला बेताचे, मान आखूड, मिशी पांढरी आणि एका बाजूनं बिडीनं पिवळी झालेली. जवानांशी त्यांचं स्वतःचं असं हिंदी आणि बाकी सगळ्या जगाशी मालवणी. मी घाटकोपरची, चाळीत शेजारीपाजारी निम्मे कोकणातले, त्यामुळे मला मालवणी समजतं असा माझा समज होता.

मोजायला आलेल्या माणसांकडे कामगार सहसा चोर आल्यासारखे बघतात. उस्तादांचं उलट. त्यांना मोजण्याचं वेड होतं. शर्टाच्या खिशात, तेलकट कागदात गुंडाळलेलं फीलर गेज कायम असे. पातळ पोलादी पट्ट्यांचा तो जुडगा. दोन भागांतली फट किती आहे ते तो फटीत सरकवून बघायचं. “मापाशिवाय गाडी चालता काय?” हे त्यांचं म्हणणं. मी कशासाठी आले आहे हे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “तुझी गेज खंय?”

मी हसून फॉर्मची चळत दाखवली. त्यांनी वरचा फॉर्म बोटांच्या चिमटीत धरून उजेडाकडे केला.

“ही कोण तपासता?”

“म्हणजे?”

“गेज वर्साक एकदा तपासूक जाता. घासता ना ती. ही तुझी खंय जाता तपासूक?”

मी त्यांना काहीतरी सांगितलं, विश्वासार्हता वगैरे. ते मान डोलावत राहिले. मला तेव्हा वाटलं, म्हातारा गोड आहे.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशी, की इंजिन उघडलं की खाली पांढरं फडकं अंथरायचं आणि प्रत्येक नट, प्रत्येक वॉशर पुसून ज्या क्रमानं काढला त्याच क्रमानं ओळीत मांडायचा. जोडताना उलट्या क्रमानं. शेवटी फडकं कोरं उरलं पाहिजे. आणि जेवणाच्या सुट्टीत जवान गेले, की हा गृहस्थ हळूच येऊन एखाद्या ओळीत आपल्या खिशातला एक जादा नट ठेवून द्यायचा. हे मी स्वतः पाहिलं. मला बघून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

त्या दिवशी ज्याच्या फडक्यावर नट ठेवला होता तो पंजाबचा एक दांडगा जवान होता. त्यानं गिअरबॉक्स जोडला, एक नट उरला, त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि नट सरळ खिशात घातला. फडकं कोरं! उस्ताद आले, फडक्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “खोलो.” बिचाऱ्यानं आख्खा गिअरबॉक्स पुन्हा उघडला. घामानं निथळत होता. सगळं जागच्या जागी, कुठे काही कमी नाही. तेव्हा उस्तादांनी हात पुढे केला आणि म्हणाले, “मेरा नट दे.” त्यानं दिला. “गाडी में कुछ कम नहीं था,” उस्ताद म्हणाले, “तेरे में था.” ओरडले नाहीत की शिक्षा केली नाही. चहा प्यायला निघून गेले.

मोजमाप तीन प्रकारे होतं. लेखी परीक्षा, प्रत्यक्ष काम, आणि वरिष्ठानं दिलेला शेरा. लेखी परीक्षेत वर्गातले जवान पुढे गेले, ते जायचेच होते. प्रत्यक्ष कामाची परीक्षा आम्ही, वर्गात शिकलेल्यांनाही आपापल्या वर्कशॉपमधून बोलावून, इथल्याच मागच्या शेडमध्ये घेतली. प्रत्येकाला मुद्दाम बिघडवलेली गाडी, आणि माझ्या हातात घड्याळ आणि पायऱ्यांची यादी. उस्तादांना आत यायला मनाई होती. ते शेडच्या बाहेर, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, दोन दिवस. “तोंड केलंय तर पोरां माझ्याकडे बघतली,” म्हणाले. त्यांचे जवान प्रत्येक नट पुसत बसायचे, वेळ जायचा, वेळेचे गुण कापले जायचे. पण बिघाड ते लवकर शोधत. शेवटी बेरीज केली तर दोन्ही बाजू अगदी बरोबरीत आल्या. आता सगळं तिसऱ्या मापावर येऊन ठेपलं.

ते तिसरं माप म्हणजे वरिष्ठाचा शेरा. जो जवान ज्याच्या हाताखाली काम करतो त्यानं सांगायचं, हा कामाला कसा आहे. चार रकाने. इंग्रजी फॉर्मचं मराठी मीच केलं होतं. उत्तम, चांगला, बरा, कमी. ‘ॲव्हरेज’ला आधी मी ‘मध्यम’ लिहिलं होतं, ते फार पुस्तकी वाटलं, म्हणून ‘बरा’ केलं. आमच्या साहेबांनी त्याबद्दल माझं कौतुकही केलं होतं. बोलीतला शब्द शोधलास म्हणाले.

मी फॉर्म घेऊन उस्तादांकडे गेले तेव्हा ते एका ट्रकखाली होते. सरकत बाहेर आले, कोपरापर्यंत ग्रीस. “हात असले आसत. तूच लिही,” म्हणाले आणि जमिनीवरच मांडी घालून बसले. मी स्टुलावर बसून एकेक नाव वाचत गेले.

“हा कसा आहे?”

“बरो आसा.”

मी ‘बरा’वर खूण केली.

“आणि हा?”

उस्तादांनी थोडा विचार केला. “बरो.”

तिसरा बरो, चौथा बरो. प्रत्येक नावाला ते थांबत, कुठेतरी वर पत्र्याकडे बघत, जणू त्या जवानानं केलेल्या सगळ्या गाड्या डोळ्यांपुढून जाऊ देत, आणि मग सांगत. एका नावाला, त्या नटवाल्या पंजाबी जवानाच्या, म्हणाले, “तो अजून नाय झालो.” तिथे मी ‘कमी’वर खूण केली. मला आठवतंय, मी मधेच विचारलंसुद्धा, “उस्ताद, उत्तम कोणीच नाही?”

“उत्तम?” ते हसले. “उत्तम काय बाजारात मिळता?”

मला फार बरं वाटलं. किती प्रामाणिक माणूस, म्हटलं! वर्गात शिकून आलेले जवान दुसऱ्या वर्कशॉप्समध्ये होते, तिथल्या साहेबांनी झाडून सगळ्यांना उत्तम देऊन टाकलं होतं, सहीसुद्धा एकाच दमात ठोकलेली. वेगवेगळ्या माणसांनी दिलेले शेरे शेजारीशेजारी ठेवू नयेत हे आमच्या विषयातलं बाळबोध ज्ञान. मी तशी तळटीपही टाकली होती. पण तळटीप कोण वाचतं? आणि वर अहवालात मीच, माझ्या हातानं, एक वाक्य लिहिलं, की ‘कामावर शिकवणाऱ्या प्रशिक्षकाचं आपल्या जवानांविषयीचं मतही साधारणच आहे.’ वाक्य मला तेव्हा नेमकं वाटलं होतं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

अहवाल गेला. तीन महिन्यांनी उस्तादांचा फोन आला. फोनवर ते नेहमी ओरडूनच बोलत. “बाय, इंग्लिशमदी कागद इलो आसा. वाचूक येशीत काय?”

रविवारी मी वाकोल्याला गेले. गल्लीत रिक्षा शिरेना, म्हणून नाक्यापासून चालत. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर उस्तादांचा गणवेशातला फोटो, खिडकीत तुळस. उस्तादांच्या बायकोनं, काकींनी, मी बसल्या बसल्या पुढ्यात ताट ठेवलं. मी कागद वाचला. मूल्यमापनाच्या निष्कर्षांनुसार प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण ही तुकडी संपल्यावर बंद करण्यात येत आहे, पुढे सर्व प्रशिक्षण वर्गातून दिलं जाईल. खाली माझं ते वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं. ते मी मराठीत सांगायचं टाळलं. म्हटलं, “निकाल थोडा विरुद्ध गेला.”

उस्तादांनी कागद माझ्याकडून घेऊन त्याची नीट घडी घातली. मग म्हणाले, “मोजून काडल्यांनी ना? मगे बोलूक काय नाय.”

त्यांचा हा शांतपणा काकींना सोसवेना. त्या मला वाढता वाढता म्हणाल्या, “जेव गो. कोलंबीचा सार कसा झाला? ह्यांका इचारून उपेग नाय, ह्ये नुसता बरां म्हणतले.” आणि मग, पाहुणीला हसवावं म्हणून असेल, त्यांनी आपल्या लग्नाची गोष्ट काढली. “माका बघूक इले ना, तेव्हा घरी गेल्यार सगळे इचारूक लागले, चेडू कसा आसा? ह्ये म्हणाले, बरां आसा. तेवढाच! आणि माझ्या सासूबायन उठान पेढे वाटूक घेतल्यान. तिका म्हायती, आपलो झील ह्येच्या वर कधी जावचो नाय. पस्तीस वर्सां झाली. अजून बरांच चालला हा.”

घास माझ्या हातातच राहिला. मी उस्तादांना विचारलं, “उस्ताद, बरो म्हणजे काय? चांगल्यापेक्षा कमी ना?”

ते माझ्याकडे बघत राहिले, मी काही वेड्यासारखं विचारल्यागत. “चांगलो ता तोंडार म्हणूचा. पावण्याक. पावण्याची भाजी चांगली, पावण्याचो पोरगो चांगलो. बरो म्हणजे,” ते जरा अडले, त्यांना असलं काही बोलायची सवय नव्हती, “बरो म्हणजे तेना केलेल्या गाडयेत मी माझ्या नातवाक बसवीन.”

वाट लागली, एवढंच माझ्या मनात आलं. मी कसंबसं सांगितलं त्यांना. चार रकान्यांचं, खुणेचं, तो शब्द मीच घातला होता त्याचं. सांगताना मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. काकी डोक्याला हात लावून बसल्या. उस्तादांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे मीच पोरांका खाली ढकललंय?”

“तुम्ही नाही हो. मी.”

“तोंड माझा होता ना,” ते म्हणाले.

सोमवारी मी साहेबांच्या केबिनमध्ये उभी. सगळं सांगितलं, म्हटलं शेरे पुन्हा घेऊ. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, “अगं, निकाल कळल्यावर घेतलेला शेरा धरायचा नाही, हा नियम आपल्याकडे कोणी लिहिला?”

मीच लिहिला होता. आणि नियम बरोबरच होता, ही त्यातली गंमत. नोकरी जाते आहे हे कळल्यावर कोण ‘उत्तम’ म्हणणार नाही? उद्या कोणी दुसऱ्यानं असा अर्ज आणला असता तर मीच तो परत पाठवला असता. मी वर्कशॉपच्या मेजरसाहेबांनाही भेटले. त्यांनी मला चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोनदा हसलेसुद्धा, आणि म्हणाले, “मॅडम, मैं समझता हूँ. लेकिन फाइल में आपका ही वाक्य है. अब मैं फाइल में क्या लिखूँ, कि एक शब्द के दो मतलब होते हैं?”

एकच धागा उरला होता. मेजरसाहेब म्हणाले होते, की उस्तादांनी स्वतः लेखी दिलं, तर वर पाठवून बघता येईल. खात्री काही नाही. दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून तडक वर्कशॉपला गेले. उस्ताद शेवटच्या तुकडीबरोबर होते. मी घरून टाईप करून आणलेला अर्ज पुढे केला. ‘मी दिलेला बरा हा शेरा उत्तम या अर्थानं समजावा.’ खाली सहीला जागा.

त्यांनी तो दोनदा वाचला. मग घडी घालून मला परत दिला.

“नको.”

“उस्ताद, अहो, खोटं काही नाहीये यात!”

“खोटा नाय. पण बघ.” त्यांनी मान वळवून पलीकडे काम करणाऱ्या जवानांकडे पाहिलं. “त्या पंजाबी पोराक काल मी बरो म्हटलंय. घरी फोन केल्यान तेना, आवशीक सांगूक. त्येंका म्हायती आसा बरो म्हणजे काय. आता मी सायबाक लिवून देऊ, की ह्येचो बरो कमी पडलो, तेका उत्तम करा? मगे पोरां काय म्हणतली? उस्तादाचो बरो पण वाढवून मिळता?”

“पण तुमची शाळा बंद होते आहे ना!”

“होतली,” ते म्हणाले. आणि मग माझा चेहरा बघून त्यांनाच माझी दया आली. “तू कित्याक रडतस? तू इचारलंस, मी सांगितलंय. दोघाय खरां बोलली.”

मी तिथेच एका टायरवर बसले. भांडावं तर कोणाशी? साहेब बरोबर, मेजर बरोबर, नियम बरोबर, म्हातारा तर बरोबरच. मी आयुष्यात पहिल्यांदा अशी बसले होते, की ज्याला शिव्या घालाव्यात असा माणूस शोधला तर तो मीच निघत होते, आणि त्यानंही काही होण्यासारखं नव्हतं.

ती तुकडी संपली. गाडीखाली उतरून काम करायचा शेडमधला पिट सिमेंटनं बुजवला, वर फरशी घातली. उस्तादांच्या नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं, तेवढ्यासाठी त्यांना नव्या वर्गात मदतनीस म्हणून ठेवलं. त्याआधी जुन्या सगळ्या शिकवणाऱ्यांनी वर्गात शिकवण्याचं चार दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं, असं ठरलं. त्या चार दिवसांचं मोजमापही आमच्याच ऑफिसकडे आलं. साहेबांनी विचारलं, दुसऱ्या कोणाला पाठवू का? मी म्हटलं, नको, जाते.

शेवटच्या दिवशी मी मागच्या दारानं आत शिरले. जिथे गाड्या उभ्या असत तिथे आता हाताला फळी असलेल्या खुर्च्यांच्या रांगा होत्या. पुढे पडद्यावर इंजिनाचं रंगीत चित्र, आणि एक पंचविशीचा शिक्षक बाणानं एकेक भाग दाखवत इंग्रजी-हिंदीत भराभर बोलत होता. मुलगा हुशार होता, पण घाबरलेला. पाणी पीत होता सारखा. त्यानं टॅपेटचं अंतर सांगताना आकडा चुकीचा सांगितला. मला कळला नसता. मी उस्तादांकडे बघत होते म्हणून कळला. दुसऱ्या रांगेत ते इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले होते, आणि आकडा ऐकल्याबरोबर त्यांची मान झटक्यानं वर आली. तोंडही उघडलं. मग मिटलं.

तास संपला. मी फॉर्म वाटले. विषयाची मांडणी, शिक्षकाचं ज्ञान, एकूण प्रशिक्षण. तेच चार रकाने. शब्द बदलावा असं मी दोनदा लिहून दिलं होतं, पण फॉर्म आधीच छापले गेले होते. उस्तादांनी फॉर्म घेतला, चष्मा लावला, आणि कुठेही न थांबता, वर न बघता, वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळींत पहिल्याच रकान्यात खुणा करत गेले. उत्तम. उत्तम. उत्तम.

मी फॉर्म घ्यायला हात पुढे केला. हळूच म्हटलं, “उस्ताद, आकडा चुकला ना त्याचा?”

“चुकलो.”

“मग?”

त्यांनी पुढे पाहिलं. तो मुलगा वायर गुंडाळत होता आणि गोळा होणाऱ्या फॉर्मकडे चोरून बघत होता. “नवो आसा गो,” उस्ताद म्हणाले. “माझ्या एका शब्दान परत कोणाचा काय व्हवूक नको.”

आणि उठून, खुर्ची आत सरकवून, ते बाकीच्यांबरोबर चहाला गेले. मी फॉर्म गठ्ठ्यात लावला. ऑफिसात येऊन सरासरी काढली, ती फारच चांगली आली.